जुनी स्पोर्ट्‌स कार ही गुंतवणूक ठरू शकते का?

कोथरूडचा रहिवासी

नमस्कार. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीतून माझ्या हाती काही रक्कम आली असून त्यातील चाळीस लाख रुपये पुढील पाच वर्षे तरी मला लागणार नाहीत. मुंबईत २०११ साली नोंदणी झालेली पोर्शे केमन (२.९ लिटर, पीडीके म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्स, ३८,००० किलोमीटर, तिसरा मालक) सध्या विक्रीस आहे. विक्रेता अडतीस लाख मागत आहे. नाव बदलणे आणि पहिली सर्व्हिस धरून चाळीस लाख होतील, असा माझा अंदाज आहे.

माझा युक्तिवाद असा आहे. नव्या गाडीच्या किमतीत सुरुवातीला जी मोठी घट होते, ती पहिल्या दोन मालकांनी सोसलेली आहे. शिवाय २०१६ मध्ये या मालिकेचे नाव ७१८ झाले आणि तिच्यात टर्बो असलेले चार सिलिंडरचे इंजिन आले, त्यामुळे जुन्या सहा सिलिंडरच्या गाड्यांना पुढे मागणी राहील असे वाटते. परदेशात पोर्शेच्याच जुन्या ९११ गाड्यांच्या किमती कशा वाढल्या, हेही आपण वाचतोच. पत्नीचे म्हणणे मात्र असे की, मी हौसेला गुंतवणुकीचा सदरा घातला आहे. ही गाडी पाच वर्षांनी निदान मुदत ठेवीइतके पैसे देईल का, एवढाच माझा प्रश्न आहे. कृपया अनुभवी सदस्यांनी स्पष्ट मत द्यावे.

हिशेबनीस

आपण तुलना मुदत ठेवीशी केली आहे, म्हणून हिशेब त्याच भाषेत मांडतो. चाळीस लाख रुपये सात टक्के चक्रवाढ व्याजाने पाच वर्षांत सुमारे ५६ लाख होतात. ठेवीला विमा उतरवावा लागत नाही, तिचे टायर जुने होत नाहीत आणि तिला झाकलेली पार्किंगची जागाही लागत नाही. गाडीचा विमा, वार्षिक सर्व्हिस, टायर, बॅटरी आणि किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला तीन लाख धरले, तरी पाच वर्षांत पंधरा लाख होतात, आणि या वर्गातील गाडीसाठी हा आकडा मी हात राखूनच धरला आहे. म्हणजे बरोबरी साधायची असेल, तर आज अडतीस लाखांना मिळणारी गाडी आपल्याला एकाहत्तर लाखांना विकावी लागेल. तेव्हा तिचे वय वीस वर्षे असेल. तो ग्राहक कोण असेल, याचा विचार आपण केला आहे का?

विम्याची एक बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर कंपनी बाजारभाव देत नाही, पॉलिसीत लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे गाडीची ठरवलेली विमा किंमत, देते. पहिली पाच वर्षे ही रक्कम ठरलेल्या घसाऱ्यानुसार उतरत जाते आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्मी होते. त्यानंतर ती विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. पंधरा वर्षांच्या गाडीला अडतीस लाखांची आयडीव्ही मिळवण्यासाठी आपल्याला बरेच भांडावे लागेल. जिची किंमत वाढण्याची आपण वाट पाहत आहात, तिची वाढलेली किंमत विम्यात कुठेच नोंदलेली नसेल.

ठाणे पश्चिम

वरचा हिशेब योग्य असला तरी त्यातील ‘किरकोळ दुरुस्ती’ या शब्दांवर मला थोडे लिहायचे आहे, कारण त्याच शब्दांनी माझा घात केला.

मी २०१७ साली उघडणाऱ्या छताची एक युरोपियन दोन-आसनी गाडी घेतली. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. कापडी छताच्या मागच्या बाजूला पाणी वाहून जाण्यासाठी दोन बारीक नळ्या असतात. आमच्या इमारतीच्या पार्किंगवर गुलमोहर आहे आणि त्याची बारीक पाने त्या नळ्यांत साचत गेली. गाडी जुलैत तीन आठवडे कव्हरखाली उभी होती. कव्हर काढून दार उघडले तेव्हा कुबट वास आला आणि आसनामागचा गालिचा हाताला स्पंजासारखा लागला. त्याच्या खालीच छताची मोटर आणि एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवलेला होता. सुटा भाग परदेशातून यायला अकरा आठवडे लागले आणि बिल तीन लाख चाळीस हजारांचे झाले. नळी साफ करायला मासेमारीची जाड तंगूस आणि दहा मिनिटे पुरली असती, हे मला नंतर कळले.

केमनचे छत पक्के असते, त्यामुळे हाच प्रसंग आपल्यावर येणार नाही, परंतु यातला धडा लागू पडतो. कमी चालवलेली गाडी ही जपलेली गाडी असतेच असे नाही. रबराच्या पट्ट्या, कूलंटच्या नळ्या, इंजिनाचे माउंट हे सगळे वयाने जाते, किलोमीटरने नव्हे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, ते आधी वाचा. तिथे ‘२३१६’ असे असेल, तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे, आणि त्याची नक्षी कितीही खोल दिसत असली तरी त्यावर ताम्हिणी घाटात जाऊ नये. विक्रेत्याने टायर बदललेले नसतील, तर त्याने आणखी काय काय बदललेले नसेल याचा अंदाज आपल्याला तिथेच बांधता येईल.

पासिंगवाला

मी वाहन नोंदणीची कामे करतो, म्हणून तांत्रिक बाजू इतरांवर सोडून फक्त कागदपत्रांबद्दल लिहितो. माझ्या मते या व्यवहारातील खरी अडचण तिथेच आहे, आणि वरच्या दोघांनीही तिला हात लावलेला नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. आपली गाडी २०११ ची आहे, म्हणजे तिच्या आरसीची मुदत २०२६ मध्ये संपते. त्यानंतर तंदुरुस्तीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीचे ४०,००० रुपये झाले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. चाळीस लाखांच्या व्यवहारात ही रक्कम मोठी नाही, हे मान्य आहे. पण ‘आरसी संपलेली’ किंवा ‘संपत आलेली’ हे शब्द ऐकताच ग्राहक हात आखडता घेतो, आणि आपण पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा दुसऱ्या नूतनीकरणाची वेळ आलेली असेल. दिल्ली परिसरातील मोठी बाजारपेठही आपण धरू नये. तिथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांचे सावट आहे आणि ते आदेश अधूनमधून बदलत असतात.

आता गंमत पाहा. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज ठरते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते. म्हणजे आपली केमन २०२६ मध्ये म्हातारी होईल आणि मानाची होईल ती २०६१ मध्ये. मधली पस्तीस वर्षे तिला कायद्याच्या दृष्टीने काहीच किंमत नाही. परदेशातल्या किमतींचे आकडे वाचताना ही दरी लक्षात घ्यावी, एवढीच विनंती.

श्टुटगार्टहून

पासिंगवाल्यांनी उल्लेख केलेली दरी इथे नाही, आणि भावातला फरक पुष्कळसा तिथूनच सुरू होतो. जर्मनीत मूळ स्थितीतील गाडी तीस वर्षांची झाली की तिला क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळू शकते, आणि मग इंजिन कितीही मोठे असले तरी वार्षिक वाहनकर सरसकट १९१.७३ युरो पडतो. लोक हंगामी क्रमांकही घेतात, त्या पाटीवर वर्षातले कोणते महिने गाडी चालेल हे कोरलेले असते. उरलेले महिने गाडी गॅरेजमध्ये असते आणि त्या काळाचा कर भरावा लागत नाही. इथे जुनी गाडी सांभाळणाऱ्याला व्यवस्थाच थोडी सवलत देते.

तरीही इथल्या सगळ्याच गाड्या वाढल्या, असे मुळीच नाही. मूळ प्रश्नकर्त्यांनी ९११ चे उदाहरण दिले आहे, म्हणून तेच घेऊ. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११, म्हणजे ९९३ ही पिढी, १९९८ मध्ये थांबली. तिच्यानंतरच्या ९९६ मध्ये पाण्याने थंड होणारे इंजिन आले आणि पुढचे दिवे पोर्शेच्याच स्वस्त बॉक्सस्टर गाडीसारखे झाले. रसिकांनी नाके मुरडली, आणि पुढे त्या इंजिनातील इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग तुटून इंजिनच निकामी होण्याची भीती पसरली. परिणामी ९९३ चढत गेली आणि ९९६ अनेक वर्षे सर्वांत स्वस्त ९११ म्हणून ओळखली गेली. दोन्हींवर चिन्ह तेच, कारखाना तोच. १९९६ साली आलेल्या पहिल्या बॉक्सस्टरला तर २०२६ पासून ‘एच’ पाटी मिळू लागेल, पण ती इतक्या संख्येने बनली की त्याच वर्षीच्या ९११ जवळ तिची किंमत फिरकतही नाही.

आपल्या युक्तिवादात एक दुरुस्ती करतो. सहा सिलिंडरचे इंजिन २०१६ मध्ये कायमचे गेले नाही. २०१९ मध्ये ७१८ जीटी४ आणि २०२० मध्ये ७१८ जीटीएस ४.० या रूपांत, टर्बोशिवाय, ते परत आले. केमनमध्ये संग्राहक ज्यांच्या मागे असतात त्या २०११ ची केमन आर किंवा २०१५ ची जीटी४ अशा गाड्या आहेत, आणि २०१५ ची ती जीटी४ तर फक्त हाताच्या गिअरची मिळत असे. २.९ लिटरची पीडीके गाडी चालवायला अतिशय सुरेख आहे, यात वाद नाही. आपल्या २००९ नंतरच्या इंजिनात ते बदनाम बेअरिंगही नाही, हा मोठा दिलासा आहे. परंतु ‘चांगली गाडी’ आणि ‘दुर्मीळ गाडी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नुसती दुर्मीळता पुरते, असेही नाही. गोव्यात तयार झालेली सान स्टॉर्म अनेकांना आठवत असेल: फायबरची बॉडी, रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन, दोन आसने. आज ती रस्त्यावर दिसली तर मी गाडी थांबवून पाहीन, पण तिच्यासाठी लिलावात हात वर करणारी माणसे किती निघतील? दुसरीकडे फेरारी २५० जीटीओ छत्तीसच बनल्या आणि त्यातील एक २०१८ साली कॅलिफोर्नियात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तिच्यामागे शर्यतींचा इतिहास आणि जगभरचे श्रीमंत ग्राहक होते. आणि तरी फेरारीही कोसळते. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले, त्यानंतर भाव वेड्यासारखे चढले आणि १९९० च्या सुमारास फुगा फुटला. शिखरावर घेतलेल्यांनी पुढे पुष्कळ वर्षे वाट पाहिली.

सनदी

हिशेबनीस यांच्या गणितात कर राहिला आहे, तो गाडीच्या बाजूने जातो, म्हणून नमूद करतो. ठेवीचे व्याज करपात्र आहे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला सात टक्क्यांतून ४.९ टक्केच उरतात, त्यामुळे पाच वर्षांनी ५६ नव्हे, तर सुमारे ५१ लाख होतील. उलट, स्वतःच्या वापराची मोटार आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांना त्या सवलतीतून वगळलेले आहे, मोटारीला वगळलेले नाही. त्यामुळे ती नफ्यात विकली गेली, तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. अर्थात तोटा झाला, तर तो कुठे वळताही करता येत नाही, आणि दरवर्षी एक गाडी घेऊन विकू लागलात, तर तो व्यवसाय ठरेल.

हिशेबनीस

दुरुस्ती मान्य. तरी खर्च धरून ६६ लाख होतात, म्हणजे गाडीचा भाव मागितलेल्या किमतीच्या पावणेदोन पटीच्या घरात जायला हवा.

कोथरूडचा रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल विक्रेत्याकडे पुन्हा जाऊन आलो. पुढच्या दोन टायरवर ‘०९१५’ आणि मागच्यांवर ‘४११८’ असे आकडे आहेत. सर्व्हिसच्या वहीत २०१९ नंतर शिक्के नाहीत. ‘बाहेरच्या गॅरेजला केली’ असे उत्तर मिळाले, बिले मात्र नव्हती. आरसीचा विषय काढल्यावर त्याने स्वतःहूनच दोन लाख कमी केले, म्हणजे त्याला तो माहीत होता.

गुंतवणूक हा शब्द मी आता मागे घेतला आहे. तीस लाख ठेवीत जातील. गाडीसाठी दहा लाखांपर्यंत ताम्हिणीला न्यायला मजा येईल असे काय मिळते, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मी स्वतंत्र धाग्यात विचारतो. पत्नीने हा धागा वाचला असून ‘ठाणे पश्चिम’ यांना विचारायला सांगितले आहे की, गुलमोहराचे पुढे काय केलेत?

ठाणे पश्चिम

गुलमोहर आहे तिथेच आहे. गाडी विकली.