भारतातून जर्मनीला की नेदरलँड्सला: आयकराची तुलना कशी करावी? मदत हवी आहे

मला जर्मनी आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांतून नोकरीची ऑफर आली आहे. दोन्हीकडचा पगार जवळपास सारखाच, म्हणजे वर्षाला ८०,००० युरोच्या आसपास आहे, आणि जानेवारी २०२६ मध्ये रुजू व्हावे अशी दोन्ही कंपन्यांची अपेक्षा आहे. सध्या भारतात माझा पगार वर्षाला ३० लाख रुपये आहे. पत्नी आणि मुलगी शाळेचे वर्ष संपल्यावर, म्हणजे मे महिन्यात येतील आणि निदान पहिले वर्षभर तरी पत्नी नोकरी करणार नाही. निर्णय केवळ कराच्या आकड्यांवर घ्यायचा नाही हे आम्हा दोघांनाही मान्य आहे. परंतु तुलना करायचीच तर ती बरोबर व्हावी, अशी मनापासून इच्छा आहे. खालील सर्व हिशेब २०२५ च्या दरांवर केले आहेत आणि सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरला आहे.

भारताचा हिशेब सोपा आहे. नव्या कररचनेत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरली तर २९.२५ लाखांवर ४,५७,५०० रुपये कर आणि त्यावर चार टक्के उपकर, असे मिळून ४,७५,८०० रुपये होतात. म्हणजे एकूण पगाराच्या साधारण १५.९ टक्के. पीएफ वेगळा कापला जातो, पण ती रक्कम माझ्या खात्यात माझ्या नावावर साठते, म्हणून ती मी करात धरलेली नाही.

जर्मनीचा हिशेब करताना पहिली अडचण आली. तिथल्या कंपनीने पाठवलेल्या पगारपत्रकाच्या नमुन्यात आयकराची एकच ओळ आहे आणि तिच्याखाली विम्याच्या चार ओळी आहेत: पेन्शन, बेरोजगारी, आरोग्य आणि शुश्रूषा. पती-पत्नीच्या एकत्रित आकारणीचा लाभ धरला तर आयकर वर्षाला सुमारे ९,९०० युरो येतो, म्हणजे पगाराच्या १२.४ टक्के. हा दर भारतातल्या माझ्या सध्याच्या दरापेक्षा चक्क कमी आहे. मात्र त्या चार ओळींची बेरीज १५,३०० युरोच्या घरात जाते, म्हणजे प्रत्यक्ष करापेक्षा कितीतरी जास्त. एकता अधिभार (आयकरावरचा जादा कर) या पगाराला लागू होत नाही आणि आम्ही कोणत्याही चर्चचे सदस्य नसल्यामुळे चर्चचा करही नाही. सगळी कपात जाऊन वर्षाला सुमारे ५४,८०० युरो हातात राहतात. शिवाय मुलीसाठी २०२५ च्या दराने महिन्याला २५५ युरो किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मिळेल, पण ती तिथे राहायला आल्यानंतरच.

नेदरलँड्समध्ये हीच रक्कम वेगळ्या खान्यांत विभागलेली आहे. तिथे ३८,४४१ युरोपर्यंतच्या उत्पन्नावर ३५.८२ टक्के दर दिसतो आणि तो वाचून माणूस दचकतो; पण त्यातले केवळ ८.१७ टक्के आयकर असून उरलेले २७.६५ टक्के हे राष्ट्रीय विम्याचे, मुख्यतः वृद्धापकाळाच्या पेन्शनचे आणि दीर्घकालीन शुश्रूषेचे हप्ते आहेत. म्हणजे जर्मनी ज्या गोष्टी वेगळ्या ओळींत दाखवते त्यांतला काही भाग नेदरलँड्स कराच्या दरातच मिसळते. उलट आरोग्यविम्याचा मूळ हप्ता तिथे पगारातून कापला जात नाही, तो प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतंत्रपणे भरावा लागतो; जर्मनीत सरकारी आरोग्यविमा असेल तर कमाई नसलेली पत्नी आणि मूल माझ्याच हप्त्यात सामावले जातात. असे असताना केवळ दरांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून काय हाती लागणार, असा प्रश्न पडतो.

त्यात परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांसाठी नेदरलँड्सची ३० टक्क्यांची सवलत आहे. ती मिळाली तर ५६,००० युरोच करपात्र धरले जातात आणि करसवलती वजा जाऊन सुमारे १४,३०० युरो कर बसतो. ती मिळाली नाही तर हाच कर २६,५०० युरोच्या आसपास जातो. २०२७ पासून सवलत २७ टक्क्यांवर येणार असल्यामुळे माझ्या पगारावर वर्षाला आणखी १,२०० युरो तरी वाढतील आणि पाच वर्षांनंतर ती पूर्णपणे संपेल. पती-पत्नीची एकत्रित आकारणी जर्मनीसारखी तिथे नसल्याने सवलत संपल्यावर एकाच्या पगारावर चालणाऱ्या घराला नेदरलँड्स महाग पडते, असे माझे गणित सांगते. पहिली पाच वर्षे नेदरलँड्स पुढे आणि नंतर जर्मनी, असे हे चित्र आहे. आम्हाला किती वर्षे राहायचे आहे हे आजच सांगता येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाचा आकडा पाहून हुरळून जाणे मला पटत नाही.

माझा पहिला प्रश्न पेन्शनच्या हप्त्याबद्दल आहे. जर्मनीत माझ्या पगारातून वर्षाला ७,४४० युरो पेन्शनसाठी जातील आणि कंपनीही तितकेच भरेल. हे पैसे पीएफप्रमाणे माझ्या खात्यात साठत नाहीत. आजच्या कमावत्यांच्या हप्त्यांतून आजच्या निवृत्तांना पेन्शन दिले जाते. परंतु ६० महिने हप्ते भरले की तिथल्या पेन्शनचा हक्क मिळतो, आणि भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू असल्यामुळे दोन्हीकडचा कालावधी जोडूनही धरता येतो. मग ही रक्कम कर समजावी की बचत? मी सध्या निम्मी रक्कम बचत धरून चाललो आहे, पण त्याला कोणताही ठोस आधार नाही. जे पाच-सात वर्षे तिथे राहून भारतात परतले आहेत, त्यांनी आपल्या हिशेबात हे कसे धरले, ते कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न भारतातल्या गुंतवणुकीचा आहे. माझ्याकडे काही इक्विटी म्युच्युअल फंड आणि पीपीएफ आहे. भारतात असताना फंड विकले तर वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागेल. जर्मनीत गेल्यावर विकले तर २६.३७५ टक्के दर आहे. इक्विटी फंडांच्या नफ्यातला ३० टक्के भाग करमुक्त धरला गेला तरी बोजा जास्तच राहतो, आणि फंड न विकतासुद्धा दरवर्षी काही गृहीत उत्पन्नावर कर बसू शकतो. नेदरलँड्समध्ये माणशी ५७,६८४ युरोपलीकडच्या मालमत्तेवर गृहीत परतावा धरून ३६ टक्के कर घेतात. निघण्यापूर्वी सर्व फंड विकून टाकावेत का? भारतीय फंड ठेवून जर्मनीत विवरणपत्र भरणारे कोणी असतील, तर तिथे नफा मोजताना मूळ खरेदी किंमत धरली गेली की स्थलांतराच्या दिवशीची, आणि भारतीय इक्विटी फंडाला ती ३० टक्क्यांची सूट प्रत्यक्षात मिळाली का, हे जाणून घ्यायचे आहे.

तिसरा प्रश्न रुजू होण्याच्या तारखेचा. माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण याविषयी लिहिलेले फारसे वाचायला मिळाले नाही. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि तिथले जानेवारी ते डिसेंबर. मी जानेवारीत निघालो तर एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने भारतात राहिलेलो असल्यामुळे संपूर्ण २०२५-२६ साठी भारताचा निवासीच ठरेन, आणि निवासी व्यक्तीचे जगभरातले उत्पन्न भारतात करपात्र असते. म्हणजे जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचा जर्मन पगार, सुमारे २० लाख रुपये, माझ्या भारतातल्या साडेबावीस लाखांच्या वर चढेल आणि त्यावर बहुतांशी ३१.२ टक्के दराने ६.१ लाख रुपये कर निघेल. जर्मनीत भरलेल्या आयकराचे श्रेय फॉर्म ६७ भरून मिळते, परंतु पत्नी आलेली नसताना पहिल्या श्रेणीने, म्हणजे एकट्या व्यक्तीच्या करश्रेणीने, कापलेला तीन महिन्यांचा कर फार तर चार लाखांच्या आसपास असेल. उरलेले दोन लाख मला भारतात भरावे लागतील असे दिसते. विम्याचे हप्ते हा आयकर नसल्यामुळे त्यांचे श्रेय मिळेल असे मी धरलेले नाही. शिवाय वर्षअखेरीस एकत्रित आकारणीमुळे जर्मनीतला कर कमी झाला आणि परतावा मिळाला, तर भारतात घेतलेले श्रेयही त्या प्रमाणात कमी होईल.

याउलट मी १ एप्रिलनंतर निघालो तर हा पेचच उद्भवत नाही. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांची मर्यादा असल्यामुळे २०२६-२७ मध्ये मी अनिवासी राहीन, आणि जानेवारी ते मार्चचा भारतीय पगार जर्मनीत थेट करपात्र न होता फक्त कराचा दर ठरवण्यापुरता जमेस धरला जाईल. १२,०९६ युरोची करमुक्त मर्यादा मात्र नऊ महिन्यांच्या पगारालाही पूर्ण वर्षाची मिळते. तीन महिने उशिरा गेल्याने तिथला पगार बुडतो हे खरे, पण भारतातली नोकरी तोवर चालू राहते आणि मुलीच्या शाळेच्या शेवटच्या महिन्यांत मला घरी राहता येते, जे आम्हाला हवेच आहे.

म्हणून ज्यांनी जानेवारी ते मार्च या काळात भारत सोडला आहे, त्यांना नम्र विनंती आहे की आपण त्या वर्षीचे विवरणपत्र निवासी म्हणून भरले का, की दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातील निवासाचे कलम (दोन्ही देशांत निवासी ठरणाऱ्याचा एकच देश ठरवणारे) लावून तो पगार भारतात करपात्र नाही असे दाखवले, हे सांगावे. माझे कुटुंब मेपर्यंत भारतातच असल्यामुळे त्या कलमाचा मला कितपत आधार मिळेल याची शंका वाटते. तसेच पत्नी वर्षाच्या मध्यावर आली तरी एकत्रित आकारणी संपूर्ण वर्षासाठी मिळते, असे मी वाचले आहे. प्रत्यक्षात त्यासाठी कोणती कागदपत्रे लागली, विवाह नोंदणीच्या दाखल्याचे प्रमाणित भाषांतर आधीच करून न्यावे का, आणि पत्नीच्या भारतातल्या उत्पन्नाचा पुरावा मागितला गेला का?

मी ज्यांच्याकडून विवरणपत्र भरून घेतो ते सीए भारतापुरते सर्व नीट समजावून सांगतात, परंतु तिकडच्या कायद्यावर मत देणे त्यांना योग्य वाटत नाही, आणि ते मला पटते. दोन्हीकडचे एकत्र पाहणाऱ्या सल्लागाराकडे जाण्यापूर्वी आपले प्रश्न नेमके असावेत, म्हणून इतके सविस्तर लिहिले आहे. रुजू होण्याची तारीख कंपन्यांना याच महिन्याअखेर कळवायची आहे, तेव्हा तिसऱ्या प्रश्नावर कोणी आधी लिहू शकले तर फार मदत होईल. फंड आणि पेन्शनच्या उत्तरांसाठी मी थांबू शकतो.