पालेर्मोची पाहुणी 13 डिसेंबरला पाव का खात नाही?

हळदीचं_पान (मांद्रे)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे जहाजावरचे, हॉटेलवाले सगळे आहेत म्हणून विचारते. आम्ही वरच्या दोन खोल्या सीझनला भाड्याने देतो, त्यातल्या एकीत सिसिलीतली, पालेर्मो शहरातली बाई राहते, पन्नाशीची असेल. एकदम मोकळी, माझ्याबरोबर बांगडे साफ करायला बसते, सासूबाईंशी हातवारे करून गप्पा मारते. धर्माचा विषय निघाला की सरळ सांगते, मी काही मानत नाही, चर्चमध्ये गेले तर कुणाच्या लग्नाला.

तर झालं असं की 13 डिसेंबरला सकाळी पदेर (पाववाला) आला, मी नेहमीसारखे तिचे उंडे घेऊन ठेवले, तर म्हणे आज नको, आज सान्ता लुचिया, म्हणजे त्या नावाच्या संत बाईचा दिवस. पाव नाही, पास्ता नाही, मैद्याचं काहीच नाही. मग दिवसभर काय खाल्लं, तर भात! भाताचे मोठे मोठे गोळे केले, आत खिमा आणि मटार, तळले आणि आम्हाला पण दिले, मस्त झाले होते. सासूबाईंनी विचारलं, हा कसला गं उपास, आम्ही तर रोजच भात खातो.

तिला विचारलं तर हसून म्हणाली असंच असतं, आई करायची. पण मला कळत नाही, देव मानत नाही म्हणणारी बाई हे एवढं कटाक्षाने कसं पाळते? आणि हे अख्ख्या इटलीत आहे की सिसिलीचंच? नेटवर शोधलं तर पिझ्झा पास्ताच्या पलीकडे कोणी जातच नाही.

तारवटी (वास्को)

ताई, उपास नाही तो, उलट त्या दिवशी पालेर्मोत लोक पोट फुटेस्तोवर खातात. मी बरीच वर्षं बोटीवर गॅलीत होतो, किचनमध्ये अर्धे इटालियन, त्यात एक बेकर सिसिलीचा, त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो. 1646 मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला होता आणि नेमकं सान्ता लुचियाच्या दिवशी धान्याने भरलेलं जहाज बंदराला लागलं अशी कथा आहे (सिसिलीतल्याच सिराकूझा शहरवाले म्हणतात आमच्या बंदरात, पालेर्मोवाले म्हणतात आमच्या, ते भांडण काही मिटत नाही). लोक एवढे भुकेले की दळायला थांबतंय कोण, गहू तसाच उकडला आणि खाल्ला. म्हणून त्या दिवशी गव्हाचं पीठ बंद, अख्खा गहू चालतो, त्याचं रिकोटा आणि साखर घालून कुच्चीया नावाचं गोड करतात. तुम्ही खाल्लेले ते भाताचे गोळे म्हणजे आरांचिने. आणि चण्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या असतात, पानेल्ले, त्या बिनधास्त चालतात, कारण गव्हाचं पीठ नाही ना! पळवाट सगळीकडे असते.

न मानणारे पाळतात याचं मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. आमचा मुख्य शेफ नापोलीचा (नेपल्सचा), दिवसभर सगळ्या संतांना आईमाईवरून शिव्या घालायचा, पातेलं करपलं की सरळ मादोन्नापर्यंत (येशूच्या आईपर्यंत) जायचा. पण 24 डिसेंबरच्या रात्री स्वतःच्या ताटात मटणाचा तुकडा घेणार नाही म्हणजे नाही. नाताळच्या आदल्या रात्री तिकडे मांस वर्ज्य, पण उपाशी कोण राहतो, शिंपल्यांचं स्पगेटी, तळलेलं बाक्काला म्हणजे खारवलेला कॉड, आणि नापोलीत तर जिवंत वाम विकत आणून कापतात, चांगली जाडजूड, टबात वळवळत असते. ती म्हणे एदेन बागेतल्या सापाची जात, म्हणून येशू जन्माला यायच्या आत तिला तळून खायची. हे शेफ एकदम सिरियस चेहऱ्याने सांगायचा. अमेरिकेतले इटालियन त्या रात्री मोजून सात प्रकारचे मासे करतात, इटलीत तसा आकड्याचा नियम नाही.

आता गंमत बघा, कॉड हा भूमध्य समुद्रातला मासाच नाही, तो येतो उत्तरेकडून, नॉर्वे वगैरे. व्हेनिसचा एक व्यापारी कप्तान होता, पिएत्रो क्वेरिनी, 1432 च्या जानेवारीत त्याची माणसं नॉर्वेजवळच्या रोस्त बेटावर जाऊन लागली, जहाज आधीच गेलेलं. तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि हा गडी वाऱ्यावर सुकवलेला तो कडक मासा बघून परत आला. मांस नको असलेले दिवस वर्षात ढीगभर, समुद्रापासून लांबच्या गावात ताजी मासळी पोचणार कशी, मग सुका मासा चालला. आपल्याकडे पावसाळ्यासाठी सुकं भरतात तेच गणित, फक्त तिकडे कारण पाऊस नाही, चर्च.

उंडो_पोयो (मडगाव)

मला एकच कळलं, संतांना शिव्या देणारा शेफ पाहिजे आमच्या हॉटेलात.

शुक्रवारचो_बाजार (म्हापसा)

वरची माहिती बरोबर आहे पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. इटलीतली प्रत्येक खाण्याची गोष्ट धर्मातून आली असं दाखवायची आता फॅशन झालीय, टुरिझमवाले तर प्रत्येक बिस्किटाला एक संत चिकटवतात. ईस्टरला कबुतराच्या आकाराचा केक खातात, कोलोम्बा, त्याच्या मागे लोंबार्ड राजे आणि संतांच्या दंतकथा सांगतात, आणि खरं काय तर 1930 च्या दशकात मिलानच्या मोत्ता कंपनीने तो बाजारात आणला, पानेत्तोने (नाताळचा गोड केक) बनवायची भट्टी आणि मशिनं नाताळनंतर बसूनच राहायची म्हणून. आज तो ईस्टरच्या टेबलावर नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. म्हणजे शंभर वर्षंसुद्धा न झालेली फॅक्टरीची वस्तू परंपरा होऊन बसली. मला यात वाईट काही वाटत नाही, पण उगाच सोवळं नेसवू नका.

त्याच मिलानमध्ये 3 फेब्रुवारीला, सान ब्याजोच्या दिवशी, नाताळातलं उरलेलं पानेत्तोने खातात, त्याने वर्षभर घसा ठीक राहतो म्हणे. दुकानदार उरलेला माल त्या दिवशी स्वस्तात काढतात. श्रद्धा आणि स्टॉक क्लिअरन्स एकाच दिवशी, हे मला फार आवडतं!

दुसरं म्हणजे हळदीचं_पान ताईंनी विचारलंय की अख्ख्या इटलीत आहे का. इटली हा देशच 1861 ला झाला, आणि खाण्याच्या बाबतीत अजून पुरता झालेला नाही. सान्ता लुचियाला वेरोना, बेर्गामो या उत्तरेकडच्या भागात मुलांना खेळणी आणि मिठाई मिळते, ती संत गाढवावरून येते आणि मुलं तिच्यासाठी काहीतरी खायला ठेवतात, पावाबिवाची बंदी नाही. तीच संत, तीच तारीख, पण पालेर्मोवालीला ते सांगा, ती म्हणेल हे कुठलं नवीन काढलं.

आणि कॅथलिक म्हणजेच इटली असंही नाही हां. रोममध्ये पोप चौथ्या पॉलने 1555 मध्ये ज्यूंना घेट्टोत कोंडलं, आणि आज रोमला जाऊन लोक जे खास म्हणून मागतात ते आख्खं आर्टिचोक, फुलासारखं उमललेलं आणि तेलात कुरकुरीत तळलेलं, ते त्या ज्यू वस्तीचं. डुकराची चरबी चालत नव्हती, तेलातलं तळणं चालत होतं.

खरं सोवळं बघायचं असेल तर इटालियन माणसासमोर मासळीच्या पास्त्यावर चीज किसून घाला किंवा जेवणानंतर कापुचिनो मागा. चर्च सोडलेला माणूस पण कपाळाला हात लावेल. दर रविवारी चर्चच्या प्रार्थनेला जाणारे तिकडे कमी कमी होत चाललेत, हे नियम मात्र एकालाही सुटलेले नाहीत.

हळदीचं_पान (मांद्रे)

@शुक्रवारचो_बाजार दादा, चीजचं अगदी खरं, मी एकदा कोळंबीच्या पास्त्यावर चीज ठेवलं तर आमची पाहुणी बोलली काही नाही पण बशी अशी हळूच लांब सरकवली की बस. आणि तुम्ही सगळे बोलताय ते वाचून माझ्याच दिराचा चेहरा डोळ्यासमोर आला, कट्टर नास्तिक, देवळाच्या पायरीला पाय लावत नाही, सोमवारी नुस्तं (मासळी) पुढे आलं की ताट बाजूला. विचारलं तर म्हणतो सवय.

जुन्यागोंयची_बाय (खोर्ली)

सवय हाच मुद्दा आहे बाय, पण सवय आली कुठून तेही बघायला पाहिजे. मी शाळेत इतिहास शिकवायची, आता निवृत्त, त्यामुळे लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

पूर्वी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत नुसतं मांस नाही, अंडी, दूध, लोणी, चीज हे पण बंद असायचं. कोंबड्या काही उपास धरत नाहीत, त्या अंडी देतच राहणार. मग ईस्टर उजाडला की साठलेलं सगळं एकदम बाहेर. नापोलीचा कासातिएल्लो बघा, पावात डुकराची चरबी, सलामी, चीज, आणि वर कवचासकट आख्खी अंडी खोचलेली, त्यांच्यावर कणकेच्या पट्ट्यांचा क्रूस. नियम काय होता ते त्या एका पावावरून कळतं. 1966 मध्ये पोप सहाव्या पॉलने हे पुष्कळ सैल केलं, आता ॲश वेन्सडे (त्या चाळीस दिवसांची सुरुवात) आणि गुड फ्रायडेचा उपास आणि त्या काळातल्या शुक्रवारी मांस नाही, एवढंच मुख्य राहिलं. पदार्थ मात्र राहिले, ज्यांनी तो कडक उपास कधी बघितला नाही त्यांच्या घरात पण राहिले.

आणि हे टिकवलं कोणी, तर बायकांनी, घरातल्या आणि मठातल्या. पालेर्मोच्या मार्तोराना मठाच्या नावाने बदामाच्या लगद्याची फळं प्रसिद्ध आहेत, संत्रं, अंजीर, अगदी खरी वाटतील अशी रंगवलेली, 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी मुलांना देतात, आणि सांगतात की घरातल्या गेलेल्या माणसांनी आणून ठेवलीत. तिथल्या सान्ता कातेरिना मठात आजही जुन्या जोगिणींच्या पद्धतीची मिठाई विकत मिळते. आपल्याकडे बेबिंका सांता मोनिकाच्या मठातली असं सांगतात, तसंच. सिसिलीतल्याच कातानिया शहराचं सांगू की नको, सान्ता आगाताचे स्तन कापून तिचा छळ केला अशी कथा आहे, तर तिच्या 3 ते 5 फेब्रुवारीच्या उत्सवात त्याच आकाराचे पांढरे केक करतात, वर एक लाल चेरी. लहान मुलं, आजोबा, सगळे भर रस्त्यात खातात, कोणाला काही वाटत नाही, लाजतो आपणच.

मला सगळ्यात आवडतो तो 19 मार्च, सान जुजेप्पेचा, म्हणजे मेरीचा नवरा संत जोसेफचा. सिसिलीतल्या गावांत देवापुढे पावांची वेदी मांडतात, सालेमी गावात तर पावाचीच फुलं, पक्षी, काय काय. आणि गावातल्या गरिबांना पवित्र कुटुंब (येशू, मेरी, जोसेफ) मानून आधी त्यांना वाढायचं, मग बाकीच्यांनी. संत सुतार होता म्हणून त्या दिवशीच्या पास्त्यावर चीजच्या जागी पावाचा भाजलेला चुरा, लाकडाचा भुसा म्हणून! तुमची पाहुणी मार्चपर्यंत असेल तर विचारा तिला.

ता. क. इटली आपल्याला वाटते तेवढी लांब नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवला, तोस्कानाच्या ड्यूकने, तिसऱ्या कोझिमोने, भेट पाठवला आणि 1698 मध्ये इथे बसवला. आणि पलीकडचं सेंट काजेतानचं चर्च इटलीहून आलेल्या थियातिन पंथाच्या पाद्रींनी रोमच्या सेंट पीटरकडे बघून बांधलं. ते पाद्री इथे काय जेवत होते कोण जाणे.

तारवटी (वास्को)

बाय, 15 ऑगस्ट राहिला की! आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांकडे त्या दिवशी हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आणि इटलीत फेर्रागोस्तो, अख्खा देश बंद. सायबिणीचा (मेरीमातेचा) सण खरा, पण सुट्टी त्याहून जुनी, सम्राट ऑगस्टसच्या काळातली. बोट बंदरात असली तरी एक स्पेअर पार्ट मिळायचा नाही. सगळे समुद्रावर नाहीतर डोंगरावर, डबे घेऊन. चर्चमध्ये किती जातात माहीत नाही, कलिंगड मात्र सगळे खातात.

हळदीचं_पान (मांद्रे)

सगळ्यांना थँक्यू, एवढं येईल वाटलं नव्हतं. ती मार्चअखेरपर्यंत आहे, पावाचा चुरा आत्तापासून साठवते. @तारवटी दादा, ते गव्हाचं गोड कसं करतात? ती म्हणाली इथे रिकोटा चांगला मिळत नाही म्हणून यंदा केलं नाही. सासूबाईंना आता तेच खायचंय.

तारवटी (वास्को)

सोपं आहे पण वेळखाऊ. गहू दोनतीन दिवस भिजत ठेवायचे, पाणी रोज बदलायचं, आपल्या हवेत दिवसातून दोनदा बदला नाहीतर आंबतील. मग चिमूटभर मीठ घालून मऊ होईपर्यंत शिजवायचे, दाणा फुटला पाहिजे पण लगदा नको. पाणी काढून पूर्ण गार करायचे. रिकोटा तिकडे मेंढीच्या दुधाचा असतो, तो सोडून द्या, घरी दूध फाडून मऊ छेना करा, फडक्यात जास्त दाबायचा नाही, साखर घालून चाळणीतून घासून काढा म्हणजे गुळगुळीत होतो. गहू त्यात कालवायचे, वरून चॉकलेटचे बारीक तुकडे, थोडी दालचिनी, संत्र्याची पाकवलेली साल असली तर उत्तम. बेकर साल नसली की नाक मुरडायचा. खपली गहू मिळाला तर तोच घ्या, आणि गूळ घालायचा मोह झाला तर सासूबाईंच्या वाटीत घाला, पाहुणीच्या नको.