मदत हवी आहे: थायरॉइड, लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटी – चार गोळ्या आणि तीन चहा दिवसात कसे बसवायचे?

कोरांटी:
बहिणीसाठी विचारते आहे. वय ३६, वजन ५४ किलो, पूर्ण शाकाहारी, अंडीही नाहीत.

तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ७०, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) ४.२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ८. तेव्हापासून लोहाची गोळी रोज एक (फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, १०० मिग्रॅ लोह, सोबत फॉलिक अ‍ॅसिड). परवाचं हिमोग्लोबिन ९.७. एकही गोळी चुकलेली नाही.

सध्याचा क्रम असा: सकाळी ६ ला थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, त्याच पाण्याबरोबर अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल ४० (वर्षभर चालू आहे). पावणेसातला चहा. साडेआठला पोहे किंवा उपमा, त्यावर लोह आणि कॅल्शियम ५०० एकदम, म्हणजे विसरायला होत नाही. लगेच दुसरा चहा. दुपारी १ ला बाजरीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर ताक. साडेचारला तिसरा चहा. रात्री साडेआठला वरणभात. शिवाय रोज बीटाचा रस आणि गूळ-शेंगदाणे.

गोळीचा ब्रँड बदलायला सांगावं का? की इंजेक्शनच घ्यावं लागेल?

सूक्ष्मदर्शी:
ब्रँडचा दोष नाही. गोळी पोटात जाते आहे, रक्तात जात नाही. साडेआठची वेळ बघा: पोह्यांमधलं फायटेट (धान्यांत आणि कडधान्यांत असणारा, लोहाला बांधून ठेवणारा घटक), कॅल्शियम आणि वरून चहा, तिघेही लोहाला अडवणारे आणि तिघेही एकाच वेळी हजर.

लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. तिथून पुढे सरकलं की संधी गेली. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि न विरघळणारं संयुग बनवतात. बघायचं असेल तर अशीच एक गोळी चुरून कोऱ्या चहात टाका, चहा शाईसारखा काळा होईल. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे, त्यातलं रसायन हेच. हिराकस म्हणजे फेरस सल्फेटच की.

जाता जाता एक. 'जेवणाआधी चहा नको, नंतर तासाभराने चालतो' असं बरेच जण सांगतात. कॉफीवर झालेल्या जुन्या प्रयोगात नेमकं उलट दिसलं होतं. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने लोहाचं शोषण घटलं नाही, तासाभराने घेतलेलीने मात्र जेवणासोबत घेतल्याइतकंच घटलं. कारण तासाभराने जेवण अजून जठरातच असतं. चहालाही हाच हिशोब लावा आणि जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या.

आता वेळा. थायरॉक्सिनपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब हवेत, कारण ते थायरॉक्सिनलाही बांधून ठेवतात.

६:०० थायरॉक्सिन, फक्त साधं पाणी
७:०० चहा
८:३० नाश्ता, पण त्यावरचा चहा बंद
११:०० लोह, पेलाभर पाण्यासोबत
१:०० जेवण
४:३० चहा
८:३० जेवणासोबत कॅल्शियम

नाश्त्यावरचा चहा सुटत नसेल तर सातचा सोडून तो आठला घ्या, नाश्त्याच्या आधी. ११ ला जमत नसेल तर रात्री साडेदहा-अकराला लोह घ्या आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणात हलवा. मात्र रात्री गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते. अर्धा तास बसून राहायचं.

तिरफळ:
पॅन्टोप्राझोलबद्दल कोणी काही बोललं नाही. वर्षभर का चालू आहे? अन्नातलं लोह विरघळलेलं राहायला जठरातलं आम्ल लागतं. तेच आम्ल कमी केलं तर लोह, बी१२ आणि थायरॉक्सिन तिघांवरही परिणाम होतो. कॅल्शियम कार्बोनेटलाही आम्ल लागतं, म्हणून ही गोळी चालू असताना कॅल्शियम सायट्रेट बरं. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आम्ल उसळून येतं आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. नंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा, कारण थायरॉक्सिन जास्त शोषलं जायला लागलं तर डोस बदलावा लागतो.

दुसरं, थॅलेसेमिया मायनर (आनुवंशिक दोष, त्यातही तांबड्या पेशी लहान असतात) आहे का हे बघण्याचा पहिला अंदाज: एमसीव्हीला आरबीसीने भागा. ७० ÷ ४.२ = १६.७. तेरापेक्षा जास्त असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे. फेरिटिन ८ असल्यावर इथे शंका फारशी नाहीच.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: रक्त जातं कुठे? एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलि.पेक्षा जास्त रक्त जात असेल तर महिन्याला ४० मिग्रॅ लोह गेलं. शाकाहारी जेवणातून ते भरून काढणं फार कठीण. गाठी पडतात का, पॅड दर एक-दोन तासांनी बदलावं लागतं का, हे विचारा. त्यावर इलाज झाला नाही तर वेळापत्रक कितीही सुंदर असो, भोक असलेला रांजण आहे.

पाटावरवंटा:
बीटाचा रस प्यायचा तर चवीसाठी प्या. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, लाल रंगामुळे त्याचं नाव झालंय. गुळातलं लोह बेभरवशाचं, बरंचसं काहिलीवर अवलंबून. पालकात लोह असतं पण अंगी फार थोडं लागतं.

बाजरीत लोह चांगलं आहे, फायटेटही तेवढंच आहे. भाकरी सोडायची गरज नाही, ताटातले शेजारी बदला. ताक दुपारऐवजी संध्याकाळी. भाकरीसोबत मोड आलेल्या मटकीची उसळ: आठ तास भिजवून, पाणी काढून टाकून, फडक्यात बांधून एक दिवस. मोड येताना धान्याचं स्वतःचं फायटेज नावाचं विकर जागं होतं आणि फायटेट मोडतं. उसळ लोखंडी कढईत करा, आमसूल किंवा टोमॅटो घाला, आंबटाने कढईतलं लोह उतरतं. शिजली की मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि धातूची चव येते.

क जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह चांगलं शोषलं जातं, पण साधारण २५ ते ५० मिग्रॅ लागतं, तेही त्याच घासांबरोबर. अर्ध्या लिंबात जेमतेम सात-आठ मिग्रॅ मिळतं. पेरूच्या चार फोडी त्याहून कितीतरी वरचढ. लिंबू पिळायचं तर भाजी उतरवल्यावर, उकळत्या भाजीत ते वाया जातं.

सूक्ष्मदर्शी:
आणखी एक राहिलं. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. ते आतड्यातून रक्तात जाणारं लोहाचं दार साधारण दिवसभर अर्धवट लावून घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर ६० मिग्रॅची गोळी रोज आणि एक दिवसाआड अशी तपासली: शोषण रोजच्यात १६.३ टक्के, दिवसाआडच्यात २१.८ टक्के. मळमळ किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारता येईल. दिवसातून दोनदा घेण्यात मात्र काही हशील नाही.

इंजेक्शन इतक्यात नको. वेळा बदलून चार आठवडे द्या. गोळी शोषली गेली तर हिमोग्लोबिन निदान एकने वाढायला हवं. नाही वाढलं तर सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार) आणि एच. पायलोरी (जठरातला जंतू) तपासायचे, कारण दोन्हींत लोह नीट शोषलं जात नाही. वाढून १२ च्या वर गेलं तरी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवा. रक्त आधी भरतं, साठा मागून. बहुतेक जण नेमके तिथेच थांबतात.

कोरांटी:
सगळ्यांचे आभार. पाळीत गाठी पडतात, हे आत्ता विचारल्यावर कळलं. पुढच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणार. अकराची गोळी ऑफिसात घ्यावी लागेल, सोबत आवळा सुपारी चालेल?

पाटावरवंटा:
वाळवताना त्यातलं बरंच क जीवनसत्त्व उडून जातं. पण गोळीला आधाराची तशी गरज नाही, साधं पाणी पुरे. क जीवनसत्त्व जेवणातल्या लोहासाठी राखून ठेवा.

तिरफळ:
शौचाला काळपट झालं तर घाबरू नका, गोळीमुळे होतं. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र लगेच दाखवा. आणि घरात लहान मूल असेल तर पाकीट पर्समध्ये टाकून पर्स खाली ठेवू नका. लोहाच्या लाल गोळ्या मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात आणि थोड्या गोळ्याही त्यांना जिवावरच्या ठरतात.