मदत हवी आहे: ई९२ एम३ घ्यावी की केमन एस?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत सेकंड-हँड मॅन्युअल कूपे घ्यायची आहे. बजेट ३०,००० डॉलर, त्यातले ४,००० दुरुस्तीसाठी राखून.

पहिली पसंती बीएमडब्ल्यू एम३ ई९२ (ई९२ हा त्या पिढीच्या कूपेचा कोड). ४.० लिटरचं व्ही८, ४१४ हॉर्सपॉवर, ८,००० आरपीएमच्याही वर फिरतं. असं इंजिन बीएमडब्ल्यू आता बनवत नाही. पण कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात आणि खडखड ऐकू येईपर्यंत बहुतेकदा क्रँकशाफ्टलाही चरे पडलेले असतात. इंजिनात हवा सोडणारी झडप फिरवणारा थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटर जाण्याचा खर्च वेगळा.

दुसरी पोर्शे केमन एस. २००६ ते २००८ची, २९५ हॉर्सपॉवरची, बजेटात बसते. मात्र तिच्या सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. मग तेल खाणं, टिकटिक, काजळी. २००९पासूनच्या ३२० हॉर्सपॉवरच्या इंजिनात आयएमएस बेअरिंगच (मधल्या शाफ्टचं, जे तुटलं तर इंजिनच जातं) नाही, म्हणून मन तिकडे ओढतं, पण किंमत चढी.

जाणकारांनी एवढं सांगावं:

केमनमध्ये बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) स्पार्क प्लगच्या भोकातून घातला तर भिंतीचा खालचा भाग नीट दिसतो का, की ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढूनच बघायचा हट्ट धरावा? विक्रेते सहसा तयार होतात का?

एम३चं तेल नुकतंच बदललेलं असेल तर तेलाच्या लॅब रिपोर्टमधल्या शिसं-तांब्याच्या आकड्यांवर (बेअरिंग झिजल्याची खूण) कितपत विसंबावं?

आणि बेअरिंग न बदललेली, पण सर्व्हिसची सगळी बिलं असलेली एम३ स्वस्तात मिळाली, तर किंमत नेमकी किती पाडून मागावी?