बॅन केलेला प्रेक्षक नवी खाती काढून परत येतोय, उपाय सांगा

रेघोटी

मी ट्विचवर (थेट प्रक्षेपणाच्या साइटवर) रात्री चित्रं काढते. स्क्रीनवर कॅनव्हास, कोपऱ्यात कॅमेरा आणि रंगवता रंगवता चॅटशी गप्पा. गर्दी नसते, नेहमीची ओळखीची नावं असतात. त्यांतल्याच एकाने आता उच्छाद मांडलाय.

सुरुवातीला बरा बोलायचा. मग 'काल माझ्या आधी दुसऱ्याला उत्तर दिलंस', 'मी आल्यावर हसली नाहीस' असं सुरू झालं. समज दिली, टाइमआउट दिला (थोडा वेळ लिहिणं बंद), शेवटी बॅन केलं. तेव्हापासून नवनव्या नावांनी येतो. पहिलं वाक्य अगदी साळसूद असतं, 'हा ब्रश कोणता?' मी सांगते, आणि दुसऱ्या वाक्याला कळतं की हा तोच. एकदा माझ्या मागच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, तर त्यावरच बोलत बसला. म्हणजे बॅन असूनही सगळं बघतोय. डोनेशनच्या पानावरून किरकोळ रक्कम टाकून मेसेज लिहितो आणि तो यंत्राच्या आवाजात सगळ्यांसमोर वाचला जातो. आता तर माझ्या दोन प्रेक्षकांना खाजगीत लिहिलंय की मी त्यांच्या पाठीमागे टिंगल करते.

मॉड, म्हणजे चॅटवर लक्ष ठेवणारी, एकच, माझी मैत्रीण, आणि तीही रोज नसते. नवीन कोणी नुसतं 'हाय' म्हटलं तरी पोटात गोळा येतो. स्ट्रीम बंद करायचं नाहीये. काय काय करता येईल ते सांगा. फक्त 'दुर्लक्ष कर' म्हणू नका, ते सगळ्यांचं सांगून झालंय.

---

खडूस_कीबोर्ड

फॉलोअर्स-ओन्ली चॅट लावा, म्हणजे फॉलो करणाऱ्यांनाच लिहिता येईल. विषय संपला.

---

चॅटराखण

विषय तिथे संपत नाही हो. फॉलोअर्स-ओन्लीला 'इतके दिवस फॉलो केलेलं हवं' अशी जास्तीत जास्त तीन महिन्यांची अट घालता येते, पण असली माणसं खाती आधीच काढून, फॉलो करून पडू देतात. दहा मिनिटांची अट आत्ता रागाच्या भरात खातं काढणाऱ्याला थोपवते. चिवट माणसाकडे मुरवलेली खाती तयार असतात. तीन महिन्यांची अट लावलीत तर त्याच्याआधी खरे नवे लोकच बाहेर राहतील.

मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या चॅनलवर मॉडगिरी करतोय, त्यात अशी दोन-तीन प्रकरणं जवळून पाहिली. रेघोटी, तुमच्या लिहिण्यात मला एक गोष्ट ठळक दिसली: तो 'हा ब्रश कोणता' विचारतो आणि तुम्ही उत्तर देता. त्याला तेवढंच हवंय. शिवी देण्यात त्याला रस असता तर पहिल्याच वाक्यात दिली असती. तुम्ही बोललात, दचकलात, स्ट्रीमवर नाव घेऊन त्याला परत हाकललंत, की त्याची त्या रात्रीची वसुली झाली. त्यामुळे तो येतो कसा याच्याइतकंच त्याचं लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचतं कसं, हे बघायला हवं. हे 'दुर्लक्ष करा' नव्हे. डोळ्यांसमोर आलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही, म्हणून ती समोर येऊच द्यायची नाही.

आता सेटिंग. ट्विचवर 'नॉन-मॉड चॅट डिले' आहे. दोन, चार किंवा सहा सेकंद. मेसेज आला की मॉडला लगेच दिसतो, बाकी प्रेक्षकांना तेवढ्या सेकंदांनी. मधल्या वेळात मॉडने तो उडवला तर प्रेक्षकांना तो कधी दिसतच नाही. गोची अशी की चॅनलच्या मालकिणीलाही तो मॉडसारखा ताबडतोब दिसतो! म्हणून तुम्ही स्ट्रीम करताना आपल्या खात्यावरून चॅट वाचूच नका. एक साधं दुसरं खातं काढा, त्याला मॉड करू नका, आणि चॅटची वेगळी खिडकी त्या खात्यावरून उघडून ती कॅनव्हासच्या बाजूला ठेवा. तुम्ही चॅट प्रेक्षकाच्या डोळ्यांनी वाचायचं. घाण काढायचं काम मॉडचं, आणि ती काढली गेली हेही तुम्हाला त्या रात्री कळायची गरज नाही. मी ज्यांच्याकडे मॉड होतो त्यांतल्या एकीने हे केलं, आणि पहिल्यांदा तिचा रंगाचा हात थांबला नाही.

दुसरं, 'सस्पिशस युजर' तपासणी. ही २०२१ च्या अखेरीस आली. बॅन चुकवून आलेला वाटतो अशा खात्यावर यंत्रणा खूण करते. शक्यता जास्त असेल तर मेसेज चॅटमध्ये जात नाही, फक्त तुम्हाला आणि मॉडला दिसतो. शक्यता कमी असेल तर मेसेज जातो, पण खूण दिसते. एखाद्या खात्याला हातानेही 'रिस्ट्रिक्ट'मध्ये टाकता येतं. तुमच्या 'ब्रश कोणता'वाल्यासाठी मी हेच वापरीन. बॅन केलं की त्याला कळतं, तो पुढचं खातं काढतो. रिस्ट्रिक्ट केलेल्याचं बोलणं इतरांपर्यंत पोचत नाही, आणि तुम्ही वर सांगितलेल्या खिडकीतून वाचत असाल तर तुमच्यापर्यंतही नाही.

तिसरं, फोन पडताळणी, म्हणजे फोन नंबर पडताळल्याशिवाय चॅटमध्ये लिहिता येत नाही. ही त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी आली. तेव्हा बॉटांच्या (यंत्राने चालवलेल्या खात्यांच्या) झुंडी पाठवून लोकांना, विशेषतः कृष्णवर्णीय आणि एलजीबीटी स्ट्रीमर्सना, शिव्यांनी बुडवण्याचे प्रकार चालू होते आणि १ सप्टेंबरला पुष्कळ स्ट्रीमर्सनी निषेध म्हणून एक दिवस ट्विच बंद ठेवलं होतं. ट्विचने त्याच महिन्यात दोन वापरकर्त्यांवर खटलाही भरला. एका नंबरावर पाच खाती पडताळता येतात, पण त्यांतलं एक तुमच्या चॅनलवर बॅन झालं की त्या नंबरावरची सगळी बॅन होतात. माणूस एकटा असेल आणि त्याच्याकडे सिमकार्डांचा ढीग नसेल तर ही सगळ्यांत परिणामकारक अट. ती सगळ्यांना लावायची गरज नाही, फक्त नव्या खात्यांना आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना लावता येते.

डोनेशनचं उद्या लिहितो, मोठं आहे.

---

खडूस_कीबोर्ड

पण तो *बघतोय* त्याचं काय? कपाटाचं दार वगैरे. बॅन केलेल्याने बघूच नये अशी सोय आता आहे ना?

---

चॅटराखण

आहे. २०२३ मध्ये आली. सेटिंग चालू केलं की बॅन केलेल्या खात्याला लाइव्ह दिसत नाही, बघत असेल तर मध्येच बंद पडतं. चालू करा, पण तिच्या भरवशावर निर्धास्त राहू नका, कारण लॉग आउट केलं की कोणालाही बघता येतं. उघड्या स्ट्रीमवर याला इलाज नाही. उपयोग एवढाच की त्याला एक पायरी जास्त चढावी लागते, आणि आळशी माणसं तिथेच गळतात.

म्हणून कॅमेऱ्याच्या चौकटीत काय येतं ते तुम्हीच ठरवायचं. मागे पडदा किंवा कोरी भिंत. खिडकी, कुरिअरचं खोकं, दारामागे लटकवलेलं ओळखपत्र, काहीही नको. चित्रांच्या स्ट्रीमला चेहरा लागतोच असंही नाही. कॅमेरा वरून फक्त हातावर लावला तर तुम्ही हसलात की नाही हे त्याला दिसणार नाही. मात्र ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याच्यामुळे चेहरा लपवावा लागला असं वाटणार असेल तर राहू द्या.

---

निळी_शाई

मी यूट्यूबवर असते. तिथे 'हाइड युजर' करता येतं. हाइड केलेल्याला कळवलं जात नाही. त्याचं लिहिलेलं बाकी कोणाला दिसत नाही, तो बिचारा लिहीत राहतो. माझ्याकडच्या एकाने कितीतरी दिवस स्वतःशीच गप्पा मारल्या असाव्यात. पण बघायला तिथेही मोकळं रान.

एक विरोधी मत. चॅटराखण म्हणतात की बॅन झाल्याचं स्ट्रीमवर बोलू नका. मला हे पूर्ण पटत नाही. इथे तो प्रेक्षकांचे कान भरतोय. नेहमीच्या लोकांना काहीच सांगितलं नाही तर ते त्याच्या गोष्टी खऱ्या मानतील.

---

चॅटराखण

मान्य. स्ट्रीमवर बोलू नये एवढंच माझं म्हणणं, कारण तो ते ऐकतो, कापतो आणि फिरवतो. नेहमीच्यांना सांगायचं ते स्ट्रीमबाहेर, त्याच्या नावाचा उल्लेख न करता. 'माझ्याबद्दल कोणी खाजगीत काही लिहिलं तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मॉडला पाठवा आणि अनोळखी लोकांचे व्हिस्पर (ट्विचवरचे खाजगी मेसेज) बंद करा.' ते सेटिंग ज्याचं त्यालाच करावं लागतं, तुम्हाला त्यांच्या वतीने करता येत नाही. डिस्कॉर्डवर (गप्पांच्या ॲपवर) तुमचा गट असेल तर तिथली पडताळणी सर्वांत वरच्या पातळीवर न्या, म्हणजे फोन नंबर जोडलेला असल्याशिवाय लिहिता येणार नाही.

आता डोनेशन. लोक चॅटच्या दाराला दहा कुलपं लावतात आणि हे दार सताड उघडं ठेवतात. बाहेरच्या कंपनीचं डोनेशनचं पान तुमच्या ट्विचच्या बॅनला ओळखत नाही. तिथे नाव काहीही टाकता येतं. ट्विचचे बिट्स (ट्विचवरच विकत घेऊन चॅटमध्ये द्यायची नाणी) बॅन झालेल्याला टाकता येत नाहीत, हा मुख्य फरक. तेव्हा मेसेज आवाजात वाचणं आजच्या आज बंद करा. बहुतेक अलर्टच्या साधनांत मेसेज आधी मॉडने मान्य करायचा आणि मग स्क्रीनवर आणायचा अशी सोय असते, ती लावा. कमीत कमी रक्कम वाढवणं हा अर्धवट उपाय आहे. पिच्छा पुरवणारा पैसे मोजतो, आणि वर बँकेकडे तक्रार करून ते परतही मागू शकतो. त्याच्याकडून आलेली रक्कम परत करा, पण 'का' ते लिहू नका. पैसे परत केल्याच्या नोटिशीत तुमचं खरं नाव किंवा पत्ता जात नाही ना, हे आधी तपासा. व्यक्तिगत खात्याऐवजी व्यवसायाचं खातं असेल तर बरं.

आणि हो, फॉलो अलर्ट. खात्याचं नावच शिवी असतं, फॉलो केलं की तुमची स्क्रीन ती दिमाखात झळकवते. अलर्टमध्ये नाव दाखवणं बंद करा. क्लिप (स्ट्रीमचा छोटा तुकडा) काढायची मुभाही फक्त फॉलोअर्सना किंवा सबस्क्रायबर्सना ठेवता येते.

---

रेघोटी

डोनेशनचा आवाज बंद केला, अलर्टमधली नावं काढली. दुसऱ्या खात्याची चॅट खिडकी आत्ताच लावून पाहिली. विचित्र वाटतं, स्वतःच्याच घरात पाहुणी असल्यासारखं, पण चालेल.

अडचण मॉडची आहे. मैत्रीण नसेल तेव्हा सहा सेकंदांत मेसेज उडवणार कोण? आणि तक्रार करून खरंच काही होतं का? एका ठिकाणी पूर्वी केली होती, ठरावीक साच्यातलं उत्तर आलं आणि पुढे शांतता.

---

चॅटराखण

मॉड नसेल त्या रात्री स्ट्रीम सुरू करतानाच 'शील्ड मोड' चालू करा. हा २०२२ च्या नोव्हेंबरात आला. आधी ठरवून ठेवलेल्या सगळ्या कडक अटी (फोन पडताळणी, फॉलोअर्स-ओन्ली, आपोआप मेसेज गाळणाऱ्या ऑटोमॉडची वरची पातळी) एका बटणावर लागू होतात आणि बंद केला की जुन्या सेटिंगवर परत येतात. लोक तो हल्ला झाल्यावर दाबतात. तुम्ही एकट्या असाल तेव्हा आधीच दाबा. त्या रात्री नवे लोक कमी येतील, तेवढं सोसा.

मॉड आणखी दोन तरी हवेत, आणि ते जुन्या, तुम्ही वर्षभर वाचत आलेल्या नावांतूनच निवडा. जो स्वतःहून 'मला मॉड करा' म्हणून मागे लागतो त्याला तर या घडीला मुळीच नको. तुमचा तोच माणूस दुसऱ्या नावाने मदतीला आलेला असणं अजिबात अशक्य नाही, मी ते पाहिलंय. मैत्रिणीलाही सांगा की तिने त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याचं खातं ओळखल्याची फुशारकी मारायची नाही. तो ब्रशचं विचारतो हे आपल्याला कळलंय हे त्याला कळलं की तो उद्या कागदाचं विचारेल.

तक्रारीबद्दल: चॅटवरचा बॅन दुसऱ्या खात्याने चुकवणं हेच ट्विचच्या नियमांत कारवाईला पुरेसं आहे. तेव्हा 'हा मला त्रास देतो' एवढंच लिहिण्यापेक्षा 'अमुक खातं बॅन केलं, तोच तमुक खात्याने आला, हे दोन्हींचे मेसेज' असं लिहा. प्रत्येक खात्याची वेगळी तक्रार. मॉडच्या बाजूने वापरकर्त्याच्या नावावर टिपा लिहून ठेवता येतात, त्यात तारीख, वेळ आणि त्याची ठरलेली वाक्यं नोंदवा. हे काम मैत्रिणीचं, तुम्ही ते वाचत बसू नका.

आणि त्याने घराचा पत्ता, घरच्यांची नावं, कामाचं ठिकाण यांतलं काहीही काढलं किंवा 'येतो' अशा अर्थाचं लिहिलं, तर हा चॅटचा विषय राहिला नाही. मेसेज उडवायच्या आधी स्क्रीनशॉट, मग घरच्यांना आणि पोलिसांना. तिथे सेटिंग शोधत बसू नका.

---

निळी_शाई

स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव आणि घड्याळ दोन्ही येईल असं बघा. नुसता कापलेला मेसेज कोणी धरत नाही. आणि नाव बदलता येतं, म्हणून त्याच वेळी त्याचं प्रोफाइलही उघडून तेही टिपा.

---

रेघोटी

मैत्रिणीला हा धागा पाठवलाय. मॉडसाठी दोन नावं डोक्यात आहेत, त्यांना विचारते. दोघांनाही त्याचे खाजगी मेसेज आले होते आणि दोघांनीही ते मला जसेच्या तसे दाखवले होते.