शब्दचर्चा : ‘इनऑपरेटिव्ह’ सबसिस्टिम म्हणजे निष्क्रिय?

फोंडा : आमच्या सहकारी बँकेत एआयएक्सवर (आयबीएमची युनिक्स प्रणाली) चालणारा एक जुना सर्व्हर आहे. रात्रपाळीच्या मुलांसाठी टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवर संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, सांभाळण्याची टिपणं मराठीत लिहितोय. ‘प्रोटोकॉल’ला काय लिहावं? ‘कमांड लाइन’ला ‘आज्ञावली’ चालेल का? आणि स्थिती दाखवणारी ‘एलएसएसआरसी -जी टीसीपीआयपी’ ही कमांड दिली की प्रत्येक सबसिस्टिमपुढे (मागे चालणाऱ्या सेवेपुढे) ‘ॲक्टिव्ह’ नाहीतर ‘इनऑपरेटिव्ह’ येतं. दुसऱ्याला मी ‘निष्क्रिय’ लिहिलंय.

पर्वरी : ‘आज्ञावली’ नको, मराठीत तो शब्द प्रोग्रामसाठी कधीचाच रुळलाय. ‘कमांड लाइन’ तशीच राहू द्या. प्रोटोकॉलही तसाच. ‘राजशिष्टाचार’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा आठवेल.

म्हापसा : मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुंडाळीला चिकटवलेलं पहिलं पान. पोर्तुगीजमध्ये ‘प्रोतोकोलो’ म्हणजे दप्तरी नोंदवहीही. तेव्हा गोव्यात तरी त्याला परका म्हणू नये!

मडगाव : नामांवर वाद घालायला सगळ्यांना आवडतं, घोटाळे मात्र क्रियापदांत होतात. आयनेटडी ही बाहेरून येणाऱ्या जोडण्या घेणारी सबसिस्टिम. ‘रिफ्रेश -एस आयनेटडी’ला ‘पुन्हा सुरू करा’ लिहिलंत, तर मुलगा आधी थांबवणारी ‘स्टॉपएसआरसी’ देईल, मग सुरू करणारी ‘स्टार्टएसआरसी’. रिफ्रेशमध्ये आयनेटडी थांबतच नाही. आयनेटडी.कॉन्फ ही त्याची सेटिंगची फाइल बदललेली असते, ती तो परत वाचतो, एवढंच. मग ‘फाइल परत वाचायला लावा’ असंच लिहा ना. लांब आहे, पण चुकणार नाही.

‘निष्क्रिय’ तर बँकेत मुळीच नको. तुमच्याकडे निष्क्रिय खातं म्हणजे ज्यात दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकानं व्यवहारच केला नाही ते. रात्री अडीचला तो शब्द वाचून मुलगा म्हणेल, हे कुणी वापरतच नसेल, जाऊ दे. साधं ‘बंद’ लिहा, ॲक्टिव्हला ‘चालू’.

आणखी एक. ‘स्टॉपएसआरसी -जी टीसीपीआयपी’ला ‘टीसीपी/आयपी बंद करा’ असं भाषांतर सर्रास दिसतं, ते चूक आहे. थांबतात ती त्या गटातली डिमन्स, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम. इंटरफेस (नेटवर्कची जोडणी) चालूच असतो, पिंग मारलं (मशीन जागं आहे का विचारलं) तर उत्तरही येतं, कारण ते काम कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा करतं. पण आयनेटडी त्याच गटात असल्यामुळे नव्यानं टेलनेट करणाऱ्याला (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करणाऱ्याला) आत येता येत नाही. नेटवर्क खरंच तोडायचं तर ‘आयएफकॉन्फिग ईएन० डाऊन’ (ईएन० हे इंटरफेसचं नाव). या दोन कामांना एकच ‘बंद’ लावू नका. डिमन ‘थांबवा’, इंटरफेस ‘डाऊन करा’. आपण बोलतोही तसंच.

फोंडा : मग हे कसं वाटतं? ‘आयनेटडीपुढे बंद दिसलं तर तेवढंच सुरू करा : स्टार्टएसआरसी -एस आयनेटडी. नुसती फाइल बदलली असेल तर थांबवू नका, परत वाचायला लावा.’

मडगाव : उत्तम. ‘-एस’ म्हणजे एकच सबसिस्टिम आणि ‘-जी’ म्हणजे सगळा गट, हे तिथंच कंसात टाका. ‘समूह’ नको, ‘गट’च बरा. आणि ‘डिमन’चं ‘राक्षस’ करायला कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

म्हापसा : मी सुचवणारच होतो.