मदत हवी आहे: खासगी देणगी संपल्यावर उपक्रमाचा खर्च कोण उचलतं?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण मुलांसाठीच्या उपक्रमांवर टिपण लिहितेय, आणि एका जागी अडकले आहे.

ओबामांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये 'माय ब्रदर्स कीपर' हा अशाच मुलांसाठीचा देशव्यापी उपक्रम जाहीर केला, तेव्हा खासगी प्रतिष्ठानांनी पाच वर्षांत किमान २० कोटी डॉलर देण्याचं ठरवलं होतं. त्याआधी २०११ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या 'यंग मेन्स इनिशिएटिव्ह'मध्ये शहराच्या निधीसोबत तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग आणि गुंतवणूकदार सोरोस यांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलर घातले. पैसा कुठून आला, हे सहज सापडतं. पुढे काय झालं, ते मात्र नाही.

व्हाइट हाउसचे प्रगती अहवाल वाचून झालेत. त्यात किती शहरं सामील झाली याचाच गाजावाजा जास्त. शिकागोच्या 'बिकमिंग अ मॅन' या शाळकरी मुलांसाठीच्या गट-समुपदेशनाच्या उपक्रमाचे अभ्यासही पाहिले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं निवडून केलेली तुलना असल्याने ते मला सगळ्यांत भरवशाचे वाटतात: उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या, पण तो फरक नंतर टिकला नाही. म्हणजे पैसा सतत लागतो, आणि माझा प्रश्न तिथेच येतो.

मुलींना यातून का वगळलं हा वाद मला माहीत आहे, तो वेगळ्या प्रकरणात घेतलाय. विकत घ्यावे लागणारे शोधनिबंध परवडणार नाहीत. इंग्रजी चालेल.

देणगीची मुदत संपल्यावर शहराने किंवा राज्याने तोच उपक्रम स्वतःच्या अंदाजपत्रकात घेतल्याचं एखादं ठोस उदाहरण, आणि त्याची आकडेवारी कुठे मिळेल, हे कुणी सांगू शकेल का?